चार चुलींचं आवतन

तात्याबाच्या मंगळवारच्या पंगतीत बसायला मिळावं म्हणून धोंडीरामानं चार महिने खर्ची घातले, आणि बसायला मिळाल्यावर दुसऱ्याच मंगळवारी ती पंगत बुडवली. तीही त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यांत सावध दिवशी.

पंगत चोरटी होती. गावात तापाची साथ आली तेव्हा तात्याबाच्या सारजाबाईनं आणखी चार बायका बरोबर घेऊन नारायणगडाला नवस केला: घरची माणसं वाचू दे, सालभर आमच्या चुलीवर मटण-वशाट चढणार नाही. माणसं वाचली. वाचल्यावर त्यांनी खायचं काय, याचा विचार नवसात केलेला नव्हता. तेव्हापासून तात्याबा, बद्रीनाथ, धुळाजी आणि उत्तरेश्वर हे चौघे दर मंगळवारी दिवस कलताना हरवलेला बैल शोधायला निघत. बैल नेहमी एकाच ओढ्यात सापडे. तिथं आश्रुबा धनगर तीन दगडांच्या चुलीवर बकऱ्याचं कालवण रटरटत ठेवून बसलेला असे.

नवसातला पाचवा नवरा म्हणजे धोंडीराम. त्याला इतके दिवस बाहेर का ठेवलं, हे तात्याबानं तोंडावरच सांगितलं होतं. "धोंड्या, तुला कळल्यालं तलवाड्याच्या बाजारात तुज्या आदी पोचतं बे."

"गळ्याची आन, तात्याबा. एक शबुद न्हाई फुटनार."

"फुटला तर तुजं ताट कायमचं पालथं."

त्या मंगळवारी महसुलाच्या गिरदावराचा तंबू नेमका ओढ्याजवळच्या आमराईत पडला. आश्रुबा दुपारीच तात्याबाकडं आला. "वढ्यात धूर काडला तर सायबाचे जवान वासावर येत्याल. म्या घरीच शिजवून हंडी आनतो. वढ्यातली चूल बंद."

तात्याबानं निरोपाचा जिम्मा धोंडीरामावर टाकला. "तिगांला सांग, सरपन आनू नका. आन् जास्ती त्वांड उघडू नगंस."

बद्रीनाथ घरी नव्हता. दारात त्याची बायको मुक्ताबाई जोंधळे पाखडत होती. सरपण म्हटलं की कसलं सरपण, ओढा म्हटलं की कुठला ओढा, असं होणार. धोंडीरामानं निरोप छाटून छाटून अगदी बिनधोक केला.

"वैनी, तात्याबाचा निरोप हाय. चूल बंद."

मुक्ताबाईचं सूप थांबलं. "चूलबंद? आजच?"

"आजच. सांजच्याला."

"कावून पन, भावजी? काय हाय तात्याबाकडं?"

"ते मला इचारू नका. आन् बोभाटा नगं."

"बाई गं! म्हंजी त्येंच्या सुनंची चोरओटी! दिस गेलं व्हय तिला!" मुक्ताबाई पदर तोंडाला लावून हसली. ती हसली म्हणून धोंडीरामही हसला. धुळाजी आणि उत्तरेश्वराच्या घरीही पुरुष नव्हते. तिथंही तो तेवढंच बोलला. आपण इतकं कमी बोलू शकतो, याचं त्याला दिवसभर नवल वाटत राहिलं.

आवतनाच्या आपल्याकडे दोन जाती. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद: त्या घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी उठून जेवायला यायचं. हे धोंडीरामाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ओढ्यातल्या तीन दगडांवर त्याचं इतकं ध्यान लागलं होतं, की दुसरी एखादी चूल त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

सांजेला तिघंही शेतातून परस्पर ओढ्यात आले, काखेत सरपण घेऊन.

"निरोप दिला न्हाईस बे?" तात्याबा गुरकावला.

"दिला की! घरोघर दिला. शबुदभर जास्ती न्हाई."

आश्रुबानं हंडी टेकवली आणि तेवढ्यात बांधावरून बांगड्या वाजल्या. पुढं सारजाबाई, मागं तिन्ही घरच्या बायका, सासवा, पोरं, उत्तरेश्वराकडं आलेले दोन पाहुणे. तीसेक माणसं. काहींच्या हातात खण-नारळ.

"सून म्हैनाभर माहेरी, आन् हिकडं तिची चोरओटी!" सारजाबाई कडाडली. "दारात ह्ये समदे उभे. तुमी कुटं म्हून आश्रुबाच्या बायकूला, दगडाबाईला इचारलं, ती म्हनली हंडी वढ्याकडं गेली. काय हाय हंडीत?"

सगळ्यांनी तात्याबाकडं पाहिलं. तात्याबानं धोंडीरामाकडं पाहिलं. धोंडीरामाला पाहायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यानं हंडीकडं पाहिलं.

सारजाबाईनं झाकण उचललं. वास ओढाभर पसरला.

"सारजे, त्याचं आसं हाय..."

"गप ऱ्हावा. कुनाच्या चुलीवर शिजलं ह्ये?"

"आश्रुबाच्या."

"नवस आपल्या चुलीचा हाय. आश्रुबाच्या न्हाई." ती दगडावर बसली. "वाडा मंग. चूलबंद बोलावून मानसं उपाशी लावता व्हय? सा म्हैनं झालं, आमाला काय जीब न्हाई?"

आवतन देणाऱ्यानं वाढायचं आणि शेवटी बसायचं, हा रिवाज. धोंडीराम वाढत राहिला. पाच जणांच्या हंडीत तीस माणसं जेवली आणि त्याची पाळी आली तेव्हा हंडीत नुसता वास होता. हंडी घासायचा मानही त्याचाच.

"आता दर मंगळवारी हितंच," जाताना सारजाबाई म्हणाली. "आन् आवतन धोंडीरामभावजीच देत्याल."

म्हणजे जागा पक्की झाली, सगळ्यांत शेवटची.

घरी त्याची बायको बायनाबाई दोन ताटं झाकून बसली होती. त्यांत चटणी-भाकर होती. तो जेवल्याशिवाय ती जेवत नसे.

"मुक्ता येऊन गेली," ती म्हणाली. "इचारीत होती, तू कावून न्हाई आलीस. म्या म्हनलं, आंग दुखतंय."

धोंडीराम ताटावर बसला. हातात पळी घेऊन तो तीस माणसांच्या तोंडांसमोरून फिरला होता, आणि त्यांत कोणतं तोंड नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"चार घरच्या चुलींला जेवू घातलं तुमी," ती हळूच म्हणाली. "पाचवी ठावं नव्हती व्हय?"

भूक कडाडून लागली होती, पण घास तोंडात नुसता फिरत राहिला.

"बरं, कालवन कसं झालतं?"

"मला गावलं न्हाई," तो म्हणाला.

बायनाबाईचा हात थांबला. मग तिनं आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडली आणि त्याच्या ताटात सरकवली. धोंडीरामाला वाटलं, हिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर किती बरं झालं असतं.