तोकिएबाईंची वीत

जुनं शहर पाहण्यासारखं ठेवायचं असेल, तर त्यात राहणारी माणसं शक्य तितकी कमी करावी लागतात. क्योतोने हे काम मनावर घेतलं आहे. हजारेक वर्षं राजधानी म्हणून मिरवलेलं, आगी, लढाया आणि राजे पचवलेलं हे शहर आता पाहुण्यांच्या हवाली झालं असून प्रगती समाधानकारक आहे. फुमिबाई इझुत्सु यांच्या गल्लीत नऊ घरं होती. त्यांतल्या सातांची अतिथिगृहं झाली. उरलेल्या दोनांत फुमिबाई आणि शेजारच्या तोकिएबाई चक्क राहत, तेवढंच गल्लीच्या सौंदर्याला गालबोट. (वारसा समितीच्या पाहणीनुसार ब्याण्णव टक्के पाहुण्यांना इथली शांतता सर्वाधिक आवडली. पाहणीच्या वेळी गल्लीत चारशे पाहुणे होते.)

गल्लीचा एक नियम होता. सकाळी आपलं दार झाडायचं आणि शेजारणीच्या हद्दीतलं वीतभर. वीतभरच. कमी झाडलं तर माणूस तुसडा. जास्त झाडलं तर ‘तुम्हाला झेपत नाही, राहू द्या’ असं तोंडावर म्हटल्यासारखं. एक्केचाळीस वर्षं तोकिएबाई सहाला झाडत, फुमिबाई सव्वासहाला. आपल्या दारातली कडेची वीत आधीच स्वच्छ दिसली, की शेजारीण धडधाकट आहे हे फुमिबाईंना कळे. तोकिएबाईंचे यजमान गेले, तेव्हा फुमिबाईंनी दुखवट्याचे एकोणपन्नास दिवस दोन-दोन विती झाडलं. सांत्वनात याहून जास्त बोलणं क्योतोत उथळपणाचं समजतात.

पुढे दारात बसलेले पाहुणे ओलांडून बाजारात जाणं तोकिएबाईंच्या गुडघ्यांना जमेना.

“मुलीकडे जाते. ओसाकाला,” त्या म्हणाल्या.

“ओसाकाला!” शेजारीण चंद्रावर निघाल्यासारखा फुमिबाईंनी आ वासला. (आगगाडीने अर्धा तास.)

“यांच्या श्राद्धाला येईन डिसेंबरात. तोवर माझी वीत राहू द्या हं.”

“हात लावायची नाही मी. तुमची तुम्ही येऊन झाडा.”

फुमिबाईंनी शब्द पाळला. त्यांचं सगळं दार लख्ख, आणि कडेला तेवढी वीत सोडलेली. नोव्हेंबरात तिच्यावर मेपलची लाल पानं साचली. समितीचे काजितानी तपासणीला आले.

“आजी, एवढा कचरा काढा ना. पाहुणे नाकं मुरडतात.”

“कचरा नाही तो. तोकिए-सानची वीत आहे.”

“त्या तर ओसाकाला गेल्या!”

“गेल्या. मेल्या नाहीत.”

काजितानींनी हे टिपून घेतलं. आठवड्याने तिथे फलक लागला: ‘पारंपरिक पर्णराशी. स्पर्श करू नये.’ फलक चार भाषांत असल्यामुळे कुणीच वाचला नाही, मात्र त्याच्याशेजारी उभं राहून फोटो सगळ्यांनी काढले.

श्राद्धाच्या सकाळी फुमिबाई तोकिएबाईंच्या आवडीचे तांदळाचे गोड गोळे आणायला गेल्या होत्या. तेवढ्यात एक पाहुणे कुटुंब आलं. भली माणसं. या देशाने आपल्याला इतकं दिलं, आपणही काही द्यावं, अशा उदात्त भावनेने त्यांनी दाराशी टेकवलेला झाडू उचलला आणि पानांचा ढीग पार साफ केला. एकाने झाडलं, एकाने फोटो काढला, आणि मंडळी पुढच्या देवळाकडे गेली.

फुमिबाई परतल्या, तेव्हा तोकिएबाई त्या स्वच्छ विती‍समोर उभ्या होत्या. हातात झाडू. ओसाकाहून स्वतःचा आणलेला.

“छान ठेवलंय हं,” त्या हसून म्हणाल्या. “मी आपली उगीच समजत होते, माझ्यावाचून अडेल म्हणून.”

“अहो तोकिए-सान, मी नाही हो...”

“बरंच केलंत. आता मी निर्धास्त.”

खुलासा करणं म्हणजे समोरच्याला कळलं नाही असं म्हणणं. इतकी असभ्य वागणूक फुमिबाईंना शक्य नव्हती. त्या लवल्या, तोकिएबाई लवल्या, आणि झाडू काखोटीला मारून दुपारच्या गाडीने परत गेल्या. फुमिबाई खूप रडल्या, पण दार लावून.

मार्चमध्ये त्यांनीही घर सोडलं. गल्ली आता नऊच्या नऊ अतिथिगृहांनी परिपूर्ण आहे, आणि पहाटे झाडायला एक बाई पगारी येते. ती सगळ्यांची दारं सारखीच झाडते.

त्या कुटुंबाचे आभार मानायचे म्हणून काजितानींनी पुष्कळ शोध घेतला. हाती लागला तो फक्त फोटो. झाडू हातात, मागे लाकडी दार, आणि खाली मराठीत लिहिलेलं: ‘या लोकांकडून आपण खूप शिकायला हवं!’ बाराशे जणांनी त्याला बदाम दिलेत. त्यातला तुमचा कितवा, तेवढं आठवून पाहा.