पानगड मोकळा केला त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण प्रसन्न. मुळापासून शेंड्यापर्यंत समस्तांस हिरवें कल्याण असो. शके सोळाशें चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं वालाच्या वेलावरील पानगडीं, म्हणजे एका हिरव्या पानांत, जें वर्तमान जाहलें तें ऐसें जे, गडाची रयत प्रथिन जातीची, अमिनो आम्लांचे मणी ओवून आणि घडी घालून सिद्ध केलेली, आणि उन्हावर कारखाना चालवून साखर करावी हा त्यांचा उद्योग. परंतु कारखान्यांत प्राणवायू उसळे तो मोठा द्वाड, ज्यास लागे त्यास चटका बसे आणि त्याची घडी विस्कटे. मग भानजी मोडक यांनीं आपल्या मंडळीसह रोज पहाटे फेरी करावी, अंगावरून हात फिरवून पाहावें, घडी सैल लागली त्यासच आदरें बसवावें, आणि त्याचे मणी उसवून नव्या गड्याच्या माळेंत ओवावे, ऐसी चाल. धडधाकटास हात लावूं नये, ही मोडकांची शपथ.

पुढें गड म्हातारा जाहला आणि चटके वाढले, आणि उसवलेले मणी देठावाटे शेंगेस रसद म्हणून जाऊं लागले. किल्लेदार गोमाजी नाईक मोठे मायाळू. त्यांचे जिवलग रुबाजी, कारखान्याचे थोरले कारागीर, ऐन दुपारीं भाजून निघाले. पहाटे भानजी आले तों नाईक दारांत आडवे जाहले आणि गरजले, "रुबाजीस हात लावाल तर खबरदार! आजपासून भाजलेल्या समस्तांस अभय!" मग काय विचारतां! भाजलेले मोकळे हिंडूं लागले, आणि सैल घड्या एकमेकींत गुंतल्या, आणि एकास दुसरा, दुसऱ्यास तिसरा चिकटून गल्ल्या तुंबल्या, आणि मोडकांचीं हत्यारेंही त्या गुंत्यांत अडकलीं. नाईकांची माया गडाच्या गळ्याशीं आली.

इतक्यांत शेंगेंतून जासूद धांवत आला आणि बोलिला, "नाईक, दाण्यांत बाळराजे वाढताहेत, रसद कां थांबली? गड गळून पडण्याआधीं मणी न पोहोंचले तर राजे पोचट राहतील!" नाईकांच्या तोंडचें पाणी पळालें. तेव्हां गुंत्यांतून रुबाजी ओरडले, "नाईक, मला काय शोभेस ठेवलें आहे? करपलेले चार मणी फेका, बाकीचे खणखणीत आहेत. उसवा मला!"

नाईक ढसढसा रडले, आणि डोळे पुसून स्वहस्तें रुबाजींचें टोक सोडविलें, आणि एक सुटतां दुसरा सुटला, आणि गल्ल्या मोकळ्या जाहल्या. मग गडावर काय उत्सव! गडच जाणार, तेव्हां धडधाकटांनींही भानजींस शपथेंतून मुक्त केलें आणि हसत रांग धरिली, आणि हिरवा रंग उतरून गड हळदीच्या नवरीसारखा पिवळा जाहला, आणि मण्यांच्या धारा देठावाटे शेंगेकडे चालिल्या. अखेरीस नाईक म्हणाले, "भानजी, आतां माझें टोक शोधा." भानजींनीं हात जोडिले आणि शोधिलें. मोडकांची मंडळीही एकमेकांस उसवून गेली. मग एकटे भानजी उरले, त्यांस उसवावयास कोणी नव्हतें; ते रित्या गडासवें वाऱ्यावर तरंगत, खो-खो हसत मातीस आले.

पुढील पावसाळीं दाणा रुजला, आणि नव्या पानगडाचा कारखाना सुरू जाहला, आणि पहिल्याच दुपारीं एक तरणा कारागीर भाजला. पहाटे नवे मोडक बिचकत दाराशीं आले. तरण्या किल्लेदारानें दार सताड उघडून म्हटलें, "या, वाटच पाहत होतों." त्याच्या माळेंत गोमाजींचे मणी होते.

तात्पर्य, पानगड पडला, परंतु वायां कोणी गेलें नाहीं. वेल खुशाल आहे. लेखनसीमा.