तीन कोटेशनांचा ओटा

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्यानं चुका पोटात घालाव्यात. पण आमच्या आप्पांबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे. हा माणूस केरसुणीसुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय विकत घेत नसे.

थट्टा नाही. भूमच्या बाजारात मी स्वतः सोबत होते. पहिल्या केरसुणीवालीपाशी उभे राहून आप्पा म्हणाले, "दर सांग. लेखी दिलास तर बरं, न्हायतर तोंडी चालंल."

ती म्हणाली, "आबा, मला लिवता आलं आसतं तर शिंदीची पानं चिरत बसले आसते व्हय?"

आप्पांनी तिचा दर ऐकला, दुसरीचा ऐकला, बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन तिसरीचा ऐकला. पहिलीचा दर सगळ्यांत कमी निघाला. परत येईपर्यंत तिच्या केरसुण्या संपल्या होत्या. उन्हात रिकाम्या हातानं घरी चालत येताना आप्पा समाधानानं म्हणाले, "पर पद्धत पाळली." आठवडाभर मी झिजलेल्या खराट्यानं घर झाडलं. पद्धत त्यांनी पाळली, पाठ माझी मोडली.

आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. उभा जन्म गावच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणून गेला. सोसायटीतून ते रिटायर झाले, पण सभा काही रिटायर झाल्या नाहीत. त्या आमच्या घरात आल्या. म्हशीला पेंड कुठली आणायची, ह्याची सभा. कोनाड्याला चुना लावायचा का, ह्याची सभा. आप्पा अध्यक्ष, आमचे हे सभासद, आणि मी निमंत्रित. "निमंत्रितानं ऐकायचं. मत न्हाय," हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. ते सांगायची गरज नव्हती. मी मुळात अबोल, त्यात सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलायची आमच्यात रीत नाही. काही सांगायचं झालंच तर पदर पुढं ओढून ह्यांच्याकडं बघायचं आणि म्हणायचं, "त्यांना सांगा, पाणी तापलंय." आप्पा तिथंच बसलेले असत. हेही बिचारे मान वळवून सांगत, "आप्पा, पाणी तापलंय."

त्या साली पाऊस रोहिणीत नाही, मृगात नाही, नंतर नुसता शिंतडून गेला. पण माझं दुखणं वेगळंच होतं. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत फुगली होती. कधी अंगावर येईल ह्याचा नेम नव्हता. नवीन बांधायचंच तर उभ्याचा ओटा करावा, असं मी धीर करून ह्यांच्याजवळ म्हटलं. माझ्या बहिणीच्या घरी धाराशिवला तसा ओटा होता. ती उभी राहून भाकरी थापायची, आणि चुलीचा धूर पाइपातून वर जायचा. बसून उठून माझे गुडघे तरुणपणीच कुरकुरायला लागले होते, डोळे तर बारमाही लाल. आयुष्यात मी एवढं एकच मागितलं.

हे तालुक्याला खेटे घालून परमिटावर सिमेंट घेऊन आले. आप्पांनी सभा बोलावली. भिंत पाडायचा ठराव एका बैठकीत मंजूर झाला. "पाडायला कोटेशन लागत न्हाय. आपलीच मालमत्ता हाय," आप्पा म्हणाले आणि पहिली पहार स्वतः घातली. संध्याकाळपर्यंत भिंतीबरोबर सगळं स्वयंपाकघर भुईसपाट झालं. माझी चूल अंगणात, पत्र्याच्या आडोशाला आली.

"आता गवंडी," आप्पा हात झटकत म्हणाले. "गवंडी निवडायचा म्हंजी खेळ न्हाय. तिघं बघू."

मला भूमची केरसुणी आठवली.

पहिला आला भूमचा महादू गवंडी. गडी साधा होता. आप्पांनी त्याला बाजेवर बसवून चहा दिला आणि विचारलं, "ओटा किती उंच ठेवशील?"

"सगळ्यांचा ठेवतो तेवढा."

"सगळ्यांचा म्हंजी कुणाचा?"

महादूनं जरा विचार केला. "आमच्या मंडळींच्या कंबरंएवढा."

"मंग तुजी मंडळी सैपाकाला हितं येणार हाय का?"

महादू उठून गेला. मी चुलीपाशी कपाळाला हात लावला. मला त्याच्या मंडळींची कंबर चालली असती. माझ्या कमरेपेक्षा ती फार वेगळी कुठं असणार होती?

दुसरा धाराशिवचा रशीद मिस्त्री. त्याचं काम चांगलं आहे असं सगळे सांगत. आप्पा एसटीनं धाराशिवला गेले आणि त्यानं बांधलेले ओटे बघत घरोघर हिंडले. नुसते बघून आले नाहीत. अनोळखी बायकांना म्हणाले, "बाई, च्या करून दाखवा. ओट्यापाशी तुमी कशा उभ्या ऱ्हाता ते बघायचंय." एका बाईनं त्यांना सरकारी माणूस समजून रॉकेलच्या कोट्याची तक्रार सांगितली, ती त्यांनी उभ्यानं ऐकून घेतली. प्रत्येक घरी चहा पिऊन पित्तानं डोकं धरून संध्याकाळी परत आले.

ह्यांनी विचारलं, "कसं हाय काम?"

"एक नंबर. बोट ठिवायला जागा न्हाय."

"मंग सांगू त्याला?"

"थांब. येवढा चांगला मिस्त्री हाय, तर मोकळा कसा घावतोय? त्यातच काहीतर गोम हाय."

झालं. नामंजूर. रशीद मिस्त्रीनं निरोप ऐकून सांगून पाठवलं म्हणे, "चच्चा को बोलो, अगली बार काम बिगाडके दिखाता."

इकडं अंगणात माझे हाल कुत्रं खात नव्हतं. दुपारी वावटळ उठली की परातीत पिठापेक्षा माती जास्त. पत्र्याखाली अशी धग लागायची की भाकरी आधी भाजते का मी, कळायचं नाही. आणि धूर, माती, ऊन हे कमी होतं म्हणून की काय, आप्पा.

आमच्याकडं सासऱ्यानं चुलीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. चुलत सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून आप्पांचं ताट झाकून अंगणापलीकडं त्यांच्या खोलीत जायचं आणि धुतलेलं परत यायचं. पण चूलच अंगणात आल्यावर रीत कुठली? अंगणाला काही उंबरा नसतो. दुसऱ्या दिवशीच आप्पांनी आपली बाज ओढत ओढत माझ्या चुलीपासून दोन हातांवर आणून टाकली. मी पदर पुढं ओढून पाठ फिरवली, तरी ते बोलतच राहिले. तव्यावरची भाकरी फुगली की म्हणायचे, "सर्वानुमते मंजूर." फुगली नाही की, "पुनर्विचारार्थ परत." सोसायटीतल्या जुन्या गोष्टी सांगायचे. एकदा म्हणे निवडणुकीच्या दिवशी एक शेळी मतपत्रिका खाऊन गेली, आणि पडलेला उमेदवार शेळीच्या मालकावर अपील करायला निघाला. मला हसू यायचं, पण सासऱ्यासमोर हसायचं कसं? मग मी फुंकणी तोंडाला लावून चूल फुंकायची. त्या दिवसांत आमची चूल कारणाशिवाय भडकायची, तिचं कारण हे.

तेवढ्यात चारा संपला. हे बैलं आणि म्हैस घेऊन छावणीत राहायला गेले. विहीर रोज खाली चालली होती, दोराला आणखी दोर जोडावा लागत होता. सिमेंटच्या एका पोत्याला मी उलथन्यानं ठोकून बघितलं, तर कोपरा दगडासारखा वाजला. विहीर आटली की बांधकाम वर्षभर लांबणार, आणि तोवर सिमेंटचे धोंडे होणार. ओटा काय, आहे त्या आडोशातच मला पुढचा उन्हाळा काढावा लागणार.

तेव्हा तिसरा आला, मुरुमचा शिवलिंगप्पा. त्यानं आप्पांशी चार शब्द बोलून सरळ माझ्याकडं वळून विचारलं, "अक्का, भाकरी तुमी थापणार न्हवं?" त्यानं विटांचा थर रचला, वर परात ठेवली आणि म्हणाला, "थापा." मी थापली. त्यानं एक वीट काढली. "आता?" मी नाही म्हणून मान हलवली. अर्धी वीट घातली. "आता?" माझे खांदे आपोआप सैल झाले. त्यानं तिथं दोरीला गाठ मारली. मी आप्पांकडं चोरून बघितलं. म्हटलं, आता ह्यात काय खोट काढतात बघू.

आप्पांना खोट सापडेना. ते गवंड्याभोवती फिरले, दोरी बघितली, विटा बघितल्या. मग घसा खाकरून म्हणाले, "विषय पुढच्या सभंत घेऊ."

शिवलिंगप्पा म्हणाला, "मालक, विहिरीला पाणी हाय तवर काम. टँकरच्या घागरीवर बांधकाम मुरवता येत न्हाय. आज न्हाय म्हनला तर म्या उद्या गावाकडं."

"माझा इलाज न्हाय. सभासद छावणीत हाय. कोरम न्हाय."

माझ्या हातात पिठाचा गोळा होता. तो मी परातीत आपटला. आणि ज्या तोंडातून इतक्या वर्षांत सासऱ्यासमोर सरळ शब्द गेला नव्हता, त्यातून गेला.

"कोरम नसंल तर सभा तहकूब करायची आन अर्ध्या तासानं त्याच जागी घ्यायची. तिला कोरम लागत न्हाय."

आप्पांनी चष्मा काढला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच. आयकायला बसवलं व्हतं न्हवं मला?"

शिवलिंगप्पा मिशीत हसून बिडी ओढायला आडोशामागं गेला. आप्पा बाजेवर बसले. नियम त्यांचाच होता, मोडता येईना. मी भाकरी करत राहिले. ते भाकरीला मंजूर म्हणाले नाहीत, नामंजूरही म्हणाले नाहीत. तो अर्धा तास मला वर्षाएवढा गेला.

"सभा सुरू," शेवटी ते म्हणाले. "विषय?"

"मुरुमच्या मिस्त्रीला काम द्यायचं."

"सूचक?"

"मी."

"निमंत्रिताला सूचना मांडता येत..." ते मधेच थांबले. मग तव्याकडं बघत म्हणाले, "द्यावं काम. माणूस चांगला हाय. तसा महादू बी वाईट नव्हता. रशीद तर लईच चांगला व्हता."

माझं डोकं सणकलं. पदर डोक्यावरून कधी घसरला तेही कळलं नाही. "मंग येवढे दिस मला मातीत का बसवलं, आप्पा? डोळं जायची पाळी आली माजी!"

ते केरसुणीचा दर विचारत तशाच आवाजात म्हणाले, "भिंत उठली की तू आत जाणार. मंग म्या बसायचं कुठं?"

तव्यावरची भाकरी करपत होती. मला उलथनं सापडेना. आप्पांनी चष्मा पुसून परत घातला आणि कोरडेपणानं म्हणाले, "हे इतिवृत्तात घ्यायचं न्हाय."

मी शिवलिंगप्पाला हाक मारली. "मिस्त्री, अंगणाच्या बाजूनं भिंतीत खिडकी काढा. ओट्याच्या बरोबरीला. ताट ठिवता येईल येवढा रुंद उंबरा पायजे तिला. आन भायेरच्या अंगाला, खिडकीखाली, एका माणसाला टेकून बसता येईल असा दगडी कट्टा."

"कट्टा किती उंच, अक्का?" त्यानं विचारलं. मी आप्पांकडं बोट केलं. शिवलिंगप्पानं त्यांना विटांवर बसवलं, एक वीट काढली, अर्धी घातली. आप्पा मुकाट्यानं बसत-उठत राहिले.

भिंत उठली, शहाबादी फरशी बसली, वरून निर्धूर चुलीचा पाइप निघाला. काम मुरेपर्यंत विहिरीनं साथ दिली. मग तळ दिसला, आणि गावात टँकर यायला लागला.

नव्या ओट्यावर पहिली भाकरी मी सरळ पाठीनं उभी राहून थापली. फुगली. खिडकीच्या उंबऱ्यावर ताटलीत ठेवली. भिंतीला पाठ लावून आप्पा बाहेर कट्ट्यावर बसले होते. मला त्यांची नुसती टोपी दिसत होती, आणि त्यांना मी दिसत नव्हते. म्हणून मी पदर पुढं ओढला नाही.

बराच वेळ ताटली कुणी उचलली नाही.

"आप्पा, गार व्हायला लागली," मी म्हटलं.

"होऊ दे," टोपी म्हणाली. "तू बोल काहीतर."

बोल, असं मला त्या घरात तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मग मी सकाळी टँकरवर कोण कुणाशी भांडलं ते सांगायला सुरुवात केली. दुसरी भाकरी तव्यावर टाकली, तिसरीही टाकली, तरी माझं सांगून संपलं नव्हतं.