शांतवनकाकांची डबल बेल

आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एस.टी.ची घंटा आहे. अगदी खरी. मोडीत निघालेल्या गाडीची, हायवेवरच्या भंगारवाल्याकडून आणलेली. हॉलच्या एका टोकाला, खिडकीच्या वर ती ठोकली आहे, आणि तिची दोरी छताखालच्या कड्यांतून ओवत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली आहे. त्या दोरीखाली शांतवनकाका उभे राहतात. दर गुरुवारी संध्याकाळी बरोबर पाच वाजता ते दोरी दोनदा ओढतात. टिंग टिंग. मग वीस मिनिटं त्या घरातून चिटपाखराचाही आवाज येत नाही. वीस मिनिटांनी एकदाच, टिंग. आणि पाठोपाठ पापड तळल्याचा वास.

आमच्या पेणच्या सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं, की मी सांगायचो, "आमचे काका चार खुर्च्या मांडतात, डबल बेल देतात आणि कुठेही जात नाहीत." हशा यायचा. हशा आला की मला पुढचं सुचतं, हा माझा जुना रोग. तसं माझं गणपतीच्या सजावटीच्या सामानाचं दुकान आहे, पण खरा जीव रमतो तो लोकांच्या नकलांत. काकांची नक्कल हा माझा हुकमी एक्का होता. आता करत नाही. का ते सांगतो. सांगताना मध्येच हसू आलं तर ते सवयीचं आहे असं समजा.

शांतवन भालेराव मूळचे नगरकडचे. घरात दोन पिढ्या चर्चचे पाळक, हे मात्र तीस वर्षं कंडक्टर, आणि त्यातली बरीचशी पेण–रोहा मार्गावर. आवाज असा, की वडखळ नाक्यावर यांनी "रोहाऽ रोहाऽ" केलं की नागोठण्याची माणसं पिशव्या उचलायची. हेही मीच रचलेलं. बोलणं अखंड. जिन्यात गाठ पडली की पहिला प्रश्न, "काय विजूशेट, कुठं?" दूध आणायला निघालो म्हटलं, तरी दुसरा प्रश्न, "कुठपर्यंत?"

वेळेच्या बाबतीत तर माणूस निर्दय. एकदा रोह्याहून गाडी सुटताना खुद्द सासरे धोतर सावरत पळत येत होते. काकांनी घड्याळ बघितलं आणि डबल बेल दिली. "चाळीस मिन्टांनी दुसरी गाडी होती की. आले त्या गाडीनं. काय बिघडलं?" काकू पाहुण्यांना नवऱ्याची ओळख करून द्यायच्या ती अशी, "हे माझ्या बापाला रस्त्यावर सोडून आलेले गृहस्थ." काका खूश होऊन मान डोलवायचे.

काकू गेल्याला चार वर्षं झाली. घंटा आली ती त्यानंतर.

प्रकार असा, की ही ख्रिस्ती लोकांची एक जुनी प्रार्थना आहे. तीत गाणं नाही, मागणं नाही. बायबलमधल्या दोन ओळी वाचायच्या, एखादा शब्द मनात धरायचा आणि सगळ्यांनी मिळून देवासमोर नुसतं गप्प बसायचं. काका ते आपल्या भाषेत समजावायचे. "विचार येणारच, विजूशेट. ते बिनतिकिटाचे प्रवासी. त्यांच्याशी भांडत नाय बसायचं. पुढच्या थांब्याला हळूच उतरवायचं. गाडी आपली चालू."

"मग एकट्यानं का नाही करत?"

"रिकाम्या गाडीला डबल बेल देत नायत. एक तरी पॅसेंजर पायजे."

त्यांचे पॅसेंजर तीन. लीलाबाई, निवृत्त नर्स, रोह्याहून एस.टी.नं यायच्या. वर्गीस, मूळचा केरळचा, रोह्याकडच्या एका कंपनीत शिफ्ट करणारा. आणि आमच्या पेणमधला टेलर फिलिप. वीस मिनिटं हे तिघं खुर्च्यांवर, चौथी नव्या पॅसेंजरसाठी रिकामी, आणि काका दोरीखाली उभे. कंडक्टर बसत नाही, म्हणे.

गेल्या श्रावणात मी काकांना म्हटलं, "एकदा मी बसू का?"

काकांनी खांद्यावरच्या पंच्यानं खुर्ची पुसली. "तुम्हाला खिडकी देतो," म्हणाले.

मी मात्र गेलो होतो माल उचलायला. सोसायटीच्या गणपतीत माझी नकलांची पंधरा मिनिटं ठरलेली होती आणि नवीन काही हाताशी नव्हतं.

डबल बेल झाली. सगळ्यांनी डोळे मिटले, मी उघडेच ठेवले. दुसऱ्याच मिनिटाला वर्गीस घोरायला लागला, बिचारा रात्रपाळी करून आलेला. फिलिपचं बोट मांडीवर शिवण घालत होतं. आणि लीलाबाई रडत होत्या. हुंदका नाही, पुसणं नाही, नुसतं पाणी वाहत होतं. त्यांचा डावा हात मांडीच्या वर, हवेत, हळूहळू खाली यायचा आणि उचलला जायचा. मांडीवरचं मूल थोपटावं तसा. मी नीट बघून ठेवलं. मनगट किती वळतं, बोटं कशी राहतात. मनात म्हटलं, हे स्टेजवर चालणार.

नंतर पापड खाताना मी काकांना आडून विचारलं, "लीलाबाईंचं काय?" त्यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"विजूशेट, तीस वर्सं मी येईल त्याला विचारलं, कुठं? इथं कोणाला नाय विचारायचं. कोण कुठं चाललंय ते त्याला ठाव नि देवाला ठाव."

इतक्या खालच्या आवाजात ते बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी तो आवाजही बघून ठेवला.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. काकांनी तिघांनाही आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेजारपाजाऱ्यांना सांगत होते, "आमचे विजूशेट आमच्यात बसून गेलेत, बरं का."

चार खुर्च्या, एक सायकलची घंटा, एक ओढणी. घोरलो, तेव्हा वर्गीस स्वतःच खो खो हसला. मांडीवर शिवण घातली, तर फिलिप लाजून हसला. मग मी चौथ्या खुर्चीवर बसलो, डोक्यावर ओढणी घेतली, तोंड वाकडं केलं आणि हवेत थोपटायला लागलो. मंडप हशानं कोसळला. मी आणखी जोरात थोपटलं. पब्लिककडे बघत काम करावं असं मला कुणीतरी शिकवलं होतं, म्हणून बघितलं.

लीलाबाईंचा डावा हात त्यांच्या मांडीवर होता. उजव्या हातानं त्यांनी तो दाबून धरला होता.

त्या उठल्या. "माझी गाडी आहे," एवढंच म्हणाल्या. काका त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. मला त्या दिवशी नारळ आणि शाल मिळाली.

पुढच्या गुरुवारी पाच वाजले, सव्वापाच झाले. भिंतीपलीकडे काही नाही. मंदा, म्हणजे माझी बायको, चहा गाळत म्हणाली, "आज घंटा वाजली नाय." त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाली, "आजपण नाय." तिसऱ्या गुरुवारी नुसता कप माझ्यासमोर ठेवला आणि बघत उभी राहिली. वर्गीसची शिफ्ट बदलली होती म्हणे. फिलिपकडे नवरात्राचे ब्लाउज आले होते. लीलाबाईंचं कारण कुणी मला सांगितलं नाही.

काका जिन्यात भेटायचे. बाजूला होऊन वाट द्यायचे. "कुठं?" विचारायचे नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

चौथ्या गुरुवारी मी गेलो. दार उघडंच होतं. चारही खुर्च्या मांडलेल्या, काका दोरीखाली उभे.

"काका, मला माफी मागायची होती."

"बसा. वेळ झाली."

टिंग टिंग. मी डोळे मिटले. शब्द कुठला धरावा कळेना. लीलाबाईंचा हात तेवढा समोर आला. पुढच्या थांब्याला उतरवायला गेलो, उतरेना. शेवटी डोळे उघडले. पाहतो तर काकांचेही डोळे उघडे. ते एकेका रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा पहिल्या खुर्चीकडे. कंडक्टर बसत नाही, तसा झोपतही नाही. म्हणजे श्रावणातल्या त्या गुरुवारीही या माणसाचे डोळे उघडे होते.

टिंग.

"काका, त्या दिवशी मी डोळे मिटले नव्हते. तुम्ही बघितलंत."

"व्हय."

"मग मला तिथंच थांबवलं का नाही?"

काका वर्गीसच्या खुर्चीवर बसले. त्या खोलीत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"तुम्ही सारखे लीलाबाईंकडं बघत होता. मला वाटलं, विजूशेट तिच्यासाठी देवाकडं मागतायत." त्यांनी काकूंच्या फोटोकडे हात केला. "हिला पण सांगितलं त्या रात्री. म्हटलं, नवीन पॅसेंजर चांगला मिळाला."

त्या दिवशी मी पापडही न खाता घरी आलो.

शुक्रवारी दुकान मंदावर सोपवून रोह्याला गेलो. गाडीत वाक्यं जुळवली होती, ती लीलाबाईंनी दार उघडताच गेली. "मी चुकलो," एवढंच म्हणालो. त्या दाराची कडी धरून उभ्या राहिल्या.

"आता कोण कोण असतं?"

"काका आणि मी."

"वर्गीस?"

"नाही."

"फिलिप?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्या 'बरं'चं मी परतीच्या वाटेवर नागोठण्यापर्यंत वजन करत होतो. हात कुणासाठी हलतो, ते विचारलं नाही. विचारायचं नसतं.

परवाच्या गुरुवारी पावणेपाचलाच मी काकांकडे हजर झालो. त्यांनी चारही खुर्च्या पंच्यानं पुसल्या. मी खिडकीजवळ बसलो. पाच वाजले. काकांनी दोरी धरली, पण ओढली नाही. पाच वाजून पाच झाले. दहा झाले. जिन्यात पाऊल वाजलं, ते वरच्या मजल्यावर निघून गेलं.

"काका, वेळ झाली."

"रोह्याची गाडी वडखळला अडकते कधीकधी," ते दाराकडे बघत म्हणाले.

सासऱ्यांना रस्त्यावर सोडून आलेला माणूस दोरीला हात लावून उभा होता. सव्वापाच होत आले होते. डबल बेल अजून झाली नव्हती, तरी मी डोळे मिटले, आणि श्रावणात मी जे करतोय असं काकांना वाटलं होतं, ते लीलाबाईंसाठी करायला लागलो.