घाऊक माल, किरकोळ नमुना

"मी घरातून हलणार नाही, आणि तरी माझी तपासणी होणार!" दादांनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं. हात खरं तर पोटावरच टेकला.

दादा धान्याचे घाऊक व्यापारी. माळ्यावर चढताना तिसऱ्याच पायरीवर इंजिनासारखी धाप लागे. झोपेत घोरता घोरता श्वास अडके, आणि वहिनी बिचाऱ्या तो पुन्हा सुरू होईपर्यंत आपला धरून बसत. पण दवाखान्याचं नाव काढलं की दादा लहान मुलासारखे घाबरत. डॉक्टरीणबाई चारचौघांत 'खाणं आवरा' म्हणून ओरडल्या तर?

"अगं, गव्हाचं अख्खं पोतं कुणी दाखवायला नेतं का? मूठभर नमुना नेतात! धाकट्याला पाठवतो. रक्त एकच, घर एकच!"

धाकटा भाऊ म्हणजे छत्रीची काडी! वारा सुटला की वहिनी त्याला गच्चीवर जाऊ देत नसत. तो गेला, दादांच्या नावानं काट्यावर उभा राहिला. अठ्ठेचाळीस किलो!

"अरेरे!" डॉक्टरीणबाई कळवळल्या. त्यांनी भूक वाढवायची भलीमोठी बाटली दिली. "आणि दोन घास जास्त खा हं!"

दादांनी इतकं आज्ञाधारकपणे कधीच काही केलं नव्हतं. आठवड्यात बाटली संपली आणि दादा गल्ल्यामागच्या अरुंद फळीच्या दारात अडकले! हमालांनी ढकललं, गिऱ्हाइकांनी ओढलं.

"आता तुम्ही स्वतः चला!" वहिनींनी दोघा भावांना दवाखान्यात उभं केलं.

"एकशे एकोणीस!" दादांच्या नावाचा जुना कागद बघत कंपाउंडर किंचाळला. "बाई, आठवड्यात एकाहत्तर किलो वाढले!"

डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. दादांनी मान खाली घालून नमुन्याची हकीकत सांगितली, वहिनींनी झोपेत अडकणाऱ्या श्वासाची, आणि दादांनी ओरडा खायला डोळे मिटले.

"ओरडू कशाला? रक्तदाबासारखाच लठ्ठपणा हाही आजार आहे, दादा. वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. औषध, आहार, चालणं, सगळं मिळून बघू. झोपेतल्या श्वासाची तपासणी आधी. मात्र दर महिन्याला यायचं."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. दादांनी एक डोळा उघडला. "एवढंच?"

एवढ्यात दार धाडकन उघडलं. कंपाउंडरची आरोळी बाहेर पोचली होती! सगळे किडकिडीत रोगी एकमेकांवर पडत आत घुसले. "आम्हालाही तीच बाटली द्या!"

"व्हा मागे!" धाकटा सगळ्यांच्या पुढे हात पसरून गरजला. "वजन माझं केलं, औषध दादानं ढोसलं! आधी माझी बाटली द्या!"