एका ओळीला सात संचालक

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात 'हिरवी टोपली' या शेतकऱ्यांच्या कंपनीत सुचिता काळबांडे संगणक विभागाची प्रमुख होती. विभागात तिच्याशिवाय एक संगणक आणि एक टेबल-पंखा एवढाच कर्मचारीवर्ग होता. पंखा अजून कायम झालेला नसावा, असं त्याच्या वागण्यावरून वाटे.

कंपनीचं एक ॲप होतं. भाजीची गाडी फाट्यावरून किती वाजता सुटणार, हे ते ॲप ठरवायचं. ॲपमधल्या वेळेशिवाय गाडी जागची हलणार नाही, असा संचालक मंडळाचा ठरावच होता. आधुनिकीकरण अर्धवट करायचं नाही, यावर सातही संचालकांचं एकमत होतं. एके दिवशी कसे कोण जाणे, पण ॲपमध्ये पहाटे पाचच्या जागी संध्याकाळचे पाच पडले. तेव्हापासून गाडी नियमाप्रमाणे संध्याकाळी सुटायची आणि वाशीमच्या बाजारात शिस्तीत पोचायची. सकाळचा हर्रास, म्हणजे लिलाव, तोवर उरकून दहा तास झालेले असायचे.

कंपनीच्या सभासद सीताबाईंची मेथी या शिस्तीत रोज गाईंच्या तोंडी जात होती. एक दिवस त्या थेट ऑफिसात आल्या.

"सुचिता, बाई, मेथी काही ॲप पाहून सुकत नाही. आठ दिवसांत हे सुधरलं नाही तं उभ्या मेथीवर नांगर फिरवीन."

दुरुस्ती फक्त एका ओळीची होती. दोन मिनिटांत झाली असती. पण सुचिता नुकतंच ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन बसली होती. सगळ्यांचा सामायिक प्रोग्राम जिथं ठेवतात त्या रेपोत कसं वागावं, याचे संस्कार ताजे होते. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. आपली वेगळी प्रत, म्हणजे ब्रांच, काढायची, एका वेळी एकच बदल करायचा, का केला ते खाली लिहायचं, आणि इतरांनी तपासून होकार दिला की मगच तो मूळ प्रतीत मिळवायचा. तिनं सगळं असंच केलं. खाली लिहिलं, "गाडीची वेळ संध्याकाळी पाचऐवजी पहाटे पाच केली." आणि मंजुरीसाठी संचालकांची बैठक बोलावली. बिचारीला वाटलं, आपण शहाणपणा केला.

"कोणी, कधी, कोणता बदल केला त्याची इथं नोंद राहते," तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "ती कायमची राहते."

अध्यक्ष गुलाबराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "कायमची? म्हंजे आमी गेल्यावरबी?"

"हो काका."

"मंग इथं फक्त तुयंच नाव काहून हाय?"

"बदल मी केला म्हणून."

"लगन नवरदेवाचं राह्यते, म्हून पत्रिकेवर त्याच्या एकट्याचंच नाव छापतेत काय?"

बैठक हेलावली. लग्नपत्रिकेत मामाचं नाव सुटलं तर मांडवात पंगत बसत नाही, हे तिथं कुणाला शिकवावं लागत नव्हतं. इथं तर साक्षात कंपनीच्या इतिहासातून सात माणसं सुटत होती. सुचितानं समजावलं की नाव यायला काहीतरी बदल करावा लागतो. ती तिची दुसरी चूक.

गुलाबरावांनी प्रोग्राममधल्या 'पहाटे ५' या ओळीच्या आधी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने' घातलं. उपाध्यक्ष गुलाबसिंग यांनी 'ठीक' हा शब्द दिला. साधनाताईंनी 'ताज्या भाजीसाठी' जोडलं. आडत दुकानवाले सैफुद्दीनभाई म्हणाले, "पहाटे लिवा, पन फजरबी लिवा. आमच्या मोहल्ल्याले समजाले पायजे." दोघा संचालकांनी एकेक स्वल्पविराम दिला. सचिव मुकेश यांच्या वाट्याला पूर्णविराम आला, तो त्यांनी थोडा रागातच टाकला.

एकाच ओळीवर एवढे हात पडल्यावर यंत्र अडलं. यातलं नेमकं कुणाचं ठेवू, असं विचारू लागलं.

"सगळ्याइचंच ठेव म्हना त्याले," गुलाबराव म्हणाले.

"काका, असं चालत नाही. ओळ बिघडते."

"बिघडून कुठं जाते? ते काही सोयरा हाय रुसाले?"

शेवटी ओळ झाली: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने, ताज्या भाजीसाठी, ठीक पहाटे अर्थात फजरच्या वक्ती ५.' सातही जणांनी ती तपासून टाळ्यांच्या गजरात मंजूर केली आणि संगणकाला हार घातला. प्रोग्रामला मात्र एवढ्या मानपानात वेळ कुठं आहे ते सापडेना. आणि वेळ समजली नाही तर जुनीच वेळ धरायची, असं त्याला पूर्वीपासून शिकवलेलं होतं. गाडी संध्याकाळी पाचला सुटत राहिली. सुचितानं पुन्हा दुरुस्ती पाठवली. 'ठीक' काढल्यास आपला अपमान होईल, असा शेरा मारून गुलाबसिंग यांनी ती परत केली.

नवव्या दिवशी सीताबाईंनी पिवळ्या पडलेल्या मेथीचं अख्खं गाठोडं बैठकीच्या टेबलावर रिकामं केलं.

"हे घ्या तुमचे ठीक फजरचे पाच! आता कोनाची चूक हाय त्याचं नाव सांगा. नाव घेतल्याबिगर मी इथून हालत नाही."

सुचिताला मनापासून आनंद झाला. कोणती ओळ कुणी लिहिली, हे सांगणारी 'ब्लेम' नावाची सोय रेपोत असते. तिनं ती सुरू केली. पडद्यावर एकाच ओळीच्या इतिहासात सातही संचालकांची नावं, तारीख-वेळेसकट.

"माह्यं नाव काहाड त्याच्यातून," गुलाबराव पुटपुटले.

"काढायला बदल करावा लागतो, काका. आणि बदल करणाऱ्याचं नाव लागतं."

तरी सातही जणांनी करून पाहिलं. दुपारपर्यंत प्रत्येकाचं नाव तिथं तीन-तीनदा लागलं होतं.

मग ठराव झाला. जुना रेपो बंद करून नवा उघडावा. ती ओळ जशीच्या तशी उतरवावी, कारण सुधारली तर सुधारणाऱ्याचं नाव येईल. ओळ कुणाच्या नावावर टाकायची, एवढाच प्रश्न उरला. सगळे सुचिताकडे पाहू लागले.

"पोरीले हात लावसान तं उद्या मेथी तुमच्या घरी आनून टाकीन," सीताबाई म्हणाल्या.

तेव्हा मुकेश यांना सुचलं, की ओळ 'वापरकर्ता' या नावावर टाकावी. तो बैठकीला हजर नव्हता, त्यामुळे विरोध झाला नाही. व्याख्याही लगेच मंजूर झाली: 'वापरकर्ता म्हणजे सदर ॲप उघडणारी, पाहणारी अथवा त्याबद्दल कुठेही वाचणारी कोणतीही व्यक्ती.'

सीताबाईंच्या मेथीवर कालच नांगर फिरला. आपण हे इथवर वाचलं आहे. खुलासा सात दिवसांच्या आत, तीन प्रतींत सादर करावा.