सेतुरावांच्या 'ठावं नाहीं' नळ्या

मद्रासच्या ऐन मे महिन्यात लोकरीची बंडी घालून कामावर येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असायचं, आम्ही पंख्याखालची जागा धरायला धावायचो, आणि सेतुमाधवराव धोतर, वर पांढरा शर्ट आणि त्यावर गळ्यापर्यंत बटणं लावलेली तपकिरी लोकरीची बंडी अशा थाटात ट्रिप्लिकेनहून यायचे. त्या बंडीला आतून आठ लांबट कप्पे शिवलेले होते. प्रत्येक कप्प्यात कापसाचं बूच लावलेली एक काचेची नळी आणि प्रत्येक नळीत जंतू.

तंजावरचे मराठी सेतुराव आमच्या मेडिकल कॉलेजच्या जंतुशास्त्र विभागात सीनियर टेक्निशियन होते. मी तिथे नवी डेमॉन्स्ट्रेटर. साठ सालानंतरची ही गोष्ट. माझा भाऊ रेल्वेत होता, त्याची बदली मद्रासला झाली आणि त्याच्या पाठोपाठ पुण्याहून मीही आले. आमचा जंतू वाढवायचा उबेचा पेटारा लहरी होता. वीज गेली की तो थंड पडायचा. म्हणून नाजूक नळ्या सेतुराव अंगावर वागवत. "वीज जाते, अक्का," ते मला म्हणाले होते, "अंगाची ऊब जात नाहीं." वयानं मी त्यांना मुलीसारखी, पण तंजावरकडच्या रीतीनं ते मला अक्का म्हणायचे.

बसमध्ये ते छातीवर हातांची घडी घालून, श्वास जपत उभे राहत. लोकांना वाटे, हृदयविकार आहे. कोणीतरी उठून जागा देई आणि सेतुराव ती गंभीरपणे स्वीकारत.

त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी गोंधळलेच. तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी तंजावरला नेऊन ठेवलेली भाषा, वर तमिळ हेल. माझं पुणेरी मराठी त्यांना कच्चं वाटे. मी 'वाजता' म्हटलं की ते 'घंटेला' करून घ्यायचे. दुरुस्त्या करताना त्यांचा चेहरा फुलायचा आणि पाच मिनिटांचं काम अर्धा तास चालायचं. मी मनातून वैतागायचे. हा माणूस इतका का लांबण लावतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

नेहमीसारखे वागणारे जंतू पुस्तकात जातात. पण एखाद्या थाळीत एखादा ठिपका वेगळाच निघायचा: आकारानं खुजा, नाहीतर कडा फाटलेला, नाहीतर सगळे वाढतात तिथे न वाढणारा. त्याच्या जीनमध्ये काहीतरी बिघडलेलं असे, पण काय, ते कोणालाच सांगता येत नसे. असे ठिपके बाकीचे फेकून देत. सेतुराव ते उचलून नळीत घालत, महिन्या दोन महिन्यांनी नव्या नळीत हलवत आणि चिठ्ठीवर नंबर टाकून लिहीत, 'ठावं नाहीं'. तेही घरी शिकलेल्या मोडी लिपीत. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी हे काय म्हणून विचारलं. सेतुरावांनी वाचून दाखवलं. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या आणि अहवालात 'थावनाही' नावाच्या जंतूचे एक्केचाळीस नमुने उत्तम स्थितीत असल्याचं लिहिलं.

विलायतेहून शिकून आलेले डॉक्टर वरदराजन विभागप्रमुख झाले आणि त्या नळ्यांवर संकट आलं. त्या ठेवायला फ्रीज एकच. त्यात नव्या लशीच्या कामासाठी जागा हवी होती. एका सोमवारी त्यांनी एक्केचाळीस नळ्या पाहिल्या, कशासाठी आहेत ते विचारलं आणि सेतुरावांनी खरं तेच उत्तर दिलं: ठाऊक नाही. वरदराजन माणूस वाईट नव्हता. त्यांनी शांतपणे सांगितलं की शुक्रवारपर्यंत यातला एक तरी उपयोगाचा निघाला तर पाहू, नाहीतर सगळं वाफेच्या भट्टीत घालून नष्ट करायचं.

सेतुराव माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "या जंतूंना काय येत नाहीं तें आम्हाला कळलें नाहीं," ते म्हणाले. "यांत दोष त्यांचा कसा?"

त्या वर्षी आमच्याकडे पॅरिसच्या एका संशोधनाची फार चर्चा होती. आतड्यातले साधे जंतू दुधातली साखर पचवण्याचं रसायन नेहमी बनवत नाहीत. साखर समोर आली तरच बनवतात. एरवी एक जीन त्या कामावर कुलूप घालून बसलेला असतो. हे तपासायची एक पूड वरदराजन यांनी विलायतेहून आणली होती. रसायन असेल तर तिचं पाणी पिवळं होई, नसेल तर तसंच राही. मी ती मागून घेतली. दुधातली साखर अजिबात न घालता एक्केचाळीसही जंतू वाढवायचे आणि कुठे पिवळं होतं ते पाहायचं, असं आम्ही ठरवलं.

बुधवारी दुपारी चाळीस नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ होत्या. एकतीस नंबरची हळदीसारखी पिवळी.

मी आनंदानं वरदराजन यांना बोलवायला निघाले, तर सेतुरावांनी मला अडवलं. त्यांचा चेहरा पडला होता. सकाळी आपण दहीभात खाल्ला होता, असं त्यांनी कबूल केलं. दह्याचा अंश बोटाला राहिला असेल, साखर त्यातूनच गेली असेल. त्यांनी हात धुतले होते याची मी आठवण करून दिली, पण ऐकेनात. त्यांनी सगळं पुन्हा मांडलं आणि शुक्रवारपर्यंत दही, ताक, दूध, कॉफी वर्ज्य केली. मद्रासमध्ये राहणारा माणूस कॉफी आणि दहीभात एकदम सोडतो म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही. गुरुवारी कॉफीवाचून त्यांचं डोकं ठणकत होतं. काचेच्या नळ्या मीच धरल्या.

शुक्रवारी सकाळी एकतीस नंबर पुन्हा पिवळा झाला. त्याचं कुलूपच मोडलं होतं. साखर असो नसो, तो आपला रसायन बनवत बसला होता.

वरदराजन नळी उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, एकतीस ठेवा, त्याच्यावर काम करू. बाकीचे चाळीस भट्टीत.

सेतुराव बंडीचं वरचं बटण उगाच काढत-लावत राहिले. मी कधी वरिष्ठांना उलटून बोलले नव्हते, पण त्या वेळी तोंडून निघून गेलं, "सर, बुधवारपर्यंत एकतीसही त्यांच्यातलाच होता."

वरदराजन हसले आणि फ्रीजचा सगळ्यात खालचा खण त्यांनी सेतुरावांना देऊन टाकला. सेतुराव तडक कॉफी प्यायला गेले. एका बैठकीत तीन पेले प्यायले, असं कँटीनवाल्यानं मला नंतर सांगितलं.

पुढच्या वर्षी भावाची पुन्हा बदली झाली. निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी निरोप घ्यायला त्यांच्या ट्रिप्लिकेनच्या घरी गेले. घरी ते एकटेच होते. बायको, तुंगाबाई, नऊ वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. हे इतक्या दिवसांत त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. बोलणं लांबलं आणि आपल्याकडे विचारतात तसं मी सहज विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

सेतुराव म्हणाले, "झालें, झालें." मग उठून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"रोज चार लोक तमिळांत विचारतात, साप्टाच्चा म्हणून," ते म्हणाले. "शेजारी विचारतात, दुकानदार विचारतो. मी त्यांना साप्टाच्चु सांगतों, जेवलों म्हणून. पण आपल्या भाषेंत घरांत ती विचारत होती. ती गेल्यावर कोण विचारणार." माझ्याकडे न पाहता त्यांनी म्हटलं, "अक्का, आणखी एकदां विचारा कीं."

मी पुन्हा विचारलं.

"नाहीं," सेतुराव म्हणाले. "अजून नाहीं."

आणि उठून त्यांनी केळीची दोन पानं मांडली.